बाळाची जीभ तोंडात मावत नाही: बेकविथ-वीडेमान आणि आमची ठमी

माणदेशी

मागच्या आठवड्यात एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "पोरगी जीभ का दाखवतीय मला?" ठमी कुणाला जीभ दाखवत नव्हती, खिडकीतून बाहेर बघत होती. दमली की तिच्या जिभेचं टोक खालच्या ओठावर येऊन बसतं. ऑपरेशन झालंय, तरी बसतं. चार वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की उत्तर पाठ आहे: "जन्मतःच मोठी आहे, तिला काही होत नाही." पण घरी आल्यावर वाटलं, एकदा सगळं नीट लिहून ठेवावं. ठमी झाली तेव्हा मी रात्र-रात्र मोबाईलवर मराठीत शोधत होते. सापडलं काय, तर लांब जीभ असलेली मुलं भाग्यवान असतात आणि त्यांच्या जिभेवर सरस्वती असते. सरस्वती असेलही. पण साखर उतरते हे कुणी लिहिलं नव्हतं.

तर पहिल्यापासून. सातव्या महिन्यात सोनोग्राफीत पोटात पाणी जास्त निघालं आणि बाळ तारखेपेक्षा मोठं. माझी साखर दोनदा तपासली, दोन्ही वेळा बरोबर. ३६ आठवडे पूर्ण होता होता ठमी झाली, वजन ४ किलो १०० ग्रॅम. सिस्टर म्हणाल्या, "पैलवानीण आली की हो!" सगळे हसले. तीन तासांनी पैलवानीण थरथरायला लागली. टाचेतून रक्त घेतलं, साखर २८. उचलून काचेच्या पेटीत.

अकरा दिवस सलाईनमधून साखर चालू होती. मोठं बाळ आणि साखर कमी, म्हणजे आईला शुगर असणार असा हिशोब तिथल्या डॉक्टरांनी केला. माझे रिपोर्ट समोर असताना फाईलवर "डायबेटिक आईचं बाळ" असं लिहिलं ते लिहिलंच. जीभ ओठांच्या बाहेर होती, त्यावर म्हणाले, "वाढेल तशी आत जाईल." बेंबी फुगलेली होती, त्यावर काहीच म्हणाले नाहीत. घरी सासूबाईंनी हळूच विचारलं, ग्रहणात काही चिरलं होतंस का? त्या वर्षीचं ग्रहण मला आठवतसुद्धा नव्हतं.

दूध पिताना पंचाईत. जीभ मध्ये आल्यामुळं स्तनाभोवती तोंड घट्ट बसायचं नाही, दूध कडेनं गळायचं, हवा पोटात जायची. शेवटी आईनं माळ्यावरचं जुनं चांदीचं बोंडलं काढलं आणि बसवून, थेंब थेंब करत पाजलं. एका वेळेला पाऊण तास. दिवसाला आठ-दहा लाळेरी भिजायची. झोपली की घोरायची, म्हाताऱ्या माणसासारखी. मधेच आवाज बंद झाला की मी टॉर्च लावून छाती हलतेय का बघायचे.

अडीच महिन्यांची असताना लसीसाठी दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडं गेलो. त्यांनी जिभेकडं बघितलंच नाही आधी. कानाची पाळी वळवून बघितली. तिथं नखानं ओढल्यासारखी आडवी रेघ होती आणि कानाच्या मागच्या कडेला दोन बारीक खळगे. आम्ही रोज तेल लावत होतो त्या कानाला, कुणाला दिसलं नव्हतं. मग त्यांनी साखरेबद्दल विचारलं, बेंबी दाबून बघितली, दोन्ही पाय शेजारी-शेजारी धरून मापले. उजवा पाय डाव्यापेक्षा जाड. कागदावर नाव लिहून दिलं: बेकविथ-वीडेमान सिंड्रोम. म्हणजे शरीराचे काही भाग जन्मतःच जास्त वाढलेले असतात असा आजार.

पुढचं प्रतिसादात लिहिते. स्वयंपाक व्हायचाय.

चहाबाज

वाचतोय. पण एक विचारू? जीभ मोठी असणं हा काय आजार झाला? माझ्या चुलतभावाची लहानपणी बाहेर असायची, पाचवी-सहावीपर्यंत आपोआप आत गेली. आता आमदाराच्या पुढं-पुढं भाषणं करतो. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काय खोटं नाही.

रानवारा

मी बालरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी. चहाबाज यांचं अर्धं खरं आहे. वयाबरोबर जबडा वाढतो, त्यात जिभेला जागा होते आणि बऱ्याच मुलांची जीभ आत जाते. त्यामुळे "वाट बघू" हा सल्ला जिभेपुरता चुकीचा नसतो. फक्त वाट बघता बघता बाकीचं निसटतं.

आमच्या शिक्षकांनी एक सवय लावली होती: मोठी जीभ दिसली की जीभ सोडून बाकी सगळं बघायचं. कारण जीभ मोठी होण्याच्या वाटा वेगवेगळ्या. बेकविथ-वीडेमानमध्ये जिभेचे स्नायूच जास्त वाढलेले असतात. काही चयापचयाच्या आजारांत न पचलेला माल पेशींत साचतो, त्यानं जीभ हळूहळू जाड होत जाते; ते जन्मतः दिसत नाही. थायरॉइड कमी असलेल्या बाळाची जीभ सुजल्यासारखी, त्वचा कोरडी, कावीळ लांबलेली, रडणं घोगरं. आणि एखाद्या ठिकाणीच गाठीसारखी फुगली असेल तर तिथं रक्तवाहिन्यांची किंवा लसिकावाहिन्यांची गाठ असू शकते, त्याचा या धाग्याशी संबंध नाही. अचानक तासाभरात जीभ सुजली तर धागा वाचत बसू नका, थेट दवाखाना.

माणदेशी, तुमच्या डॉक्टरांनी आधी कान बघितला हे वाचून बरं वाटलं. या आजारात १०० पैकी जवळजवळ ९० मुलांची जीभ मोठी असते, पण कानावरची रेघ हा चोरटा पुरावा आहे. बघणाऱ्यालाच दिसतो.

सीमोल्लंघन

+१. हे दोन वेगळे डॉक्टर बरं का, जोडनाव नव्हे. बेकविथ अमेरिकन, मुलांचे पॅथॉलॉजिस्ट. त्यांनी १९६३ मध्ये शवविच्छेदनात पाहिलेल्या मुलांवरून मांडलं. वीडेमान जर्मन बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १९६४ मध्ये एकाच घरातली तीन भावंडं नोंदवली. दोघांनी आपापलं, एकमेकांना न विचारता. आधी याला ईएमजी सिंड्रोम म्हणायचे, म्हणजे बेंबीचा दोष, मोठी जीभ आणि राक्षसी वाढ यांची आद्याक्षरं. ते नाव मागं पडलं ते बरंच झालं. कुठल्या आईला "राक्षसी" ऐकायचंय?

मी फिलाडेल्फियाजवळ राहते. इथल्या मुलांच्या रुग्णालयात या आजाराचं स्वतंत्र क्लिनिक आहे, त्यांचे लेख सोप्या इंग्रजीत असतात.

माणदेशी

भाकरी झाल्या. पुढं लिहिते.

आम्हाला पुण्याला जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडं पाठवलं. रक्त घेतलं. पाच आठवड्यांनी रिपोर्ट आला: काही सापडलं नाही. घरी पेढे आले. खरंच आले, दिरांनी आणले. आणि मी परत डॉक्टरांकडं गेले तर त्या म्हणतात, निदान तेच आहे. मला राग आला होता. रक्त नॉर्मल आणि आजार आहे, हे काय?

त्यांनी मग कागदावर बेरीज मांडून दाखवली. २०१८ मध्ये बऱ्याच देशांच्या तज्ज्ञांनी मिळून गुण ठरवलेत. मोठी जीभ, २. एक बाजू जास्त वाढलेली, २. कानावरची रेघ, १. जन्मानंतर साखर उतरली, १. बेंबीचा हर्निया, १. पोटात पाणी जास्त होतं, १. ठमीचे झाले ८. चार झाले की रक्तात काही सापडो न सापडो, निदान पक्कं धरायचं. शाळेत एवढे गुण मिळाले असते तर पेढे वाया गेले नसते.

रक्तात का सापडलं नाही ते मला नीट सांगता येणार नाही, रानवारा सांगतील. मला समजलं ते एवढं की दोष सगळ्या पेशींत नसतो. काही पेशींत असतो, काहींत नसतो, ठिगळासारखा. रक्तात नसेल पण जिभेत असेल.

रानवारा

ठिगळ हा शब्द उचलतो. आम्ही मोझेक म्हणतो, पण आमच्या भागात गोधडी सगळ्यांना कळते.

भानगड ११व्या गुणसूत्राच्या टोकाला आहे, ११पी१५.५ असं त्या जागेचं नाव. आपल्याला प्रत्येक गुणसूत्र दोन मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून, आणि बहुतेक जनुकं दोन्हीकडची चालतात. पण काही मोजक्या जनुकांवर शिक्का असतो: हे माहेरचं, हे सासरचं. आयजीएफ२ नावाचं वाढ करवणारं जनुक वडिलांकडून आलेलंच चालतं, आईकडचं गप्प असतं. वाढ रोखणारं सीडीकेएन१सी आईकडून आलेलं चालतं. म्हणजे वडिलांकडून ॲक्सिलरेटर आणि आईकडून ब्रेक. (घरोघरी उलटं असतं, तो भाग वेगळा.) शिक्के बिघडले, ॲक्सिलरेटर डबल झाला किंवा ब्रेक सुटला, की जीभ, यकृत, मूत्रपिंड, एखादा हात-पाय जास्त वाढतो. गंमत म्हणजे याच जागी उलटा बिघाड झाला की मूल फार बारीक राहतं, तो सिल्व्हर-रसेल सिंड्रोम.

जवळजवळ निम्म्या मुलांत आईकडच्या प्रतीवरचा एक शिक्का पुसलेला असतो. साधारण पाचांत एकाला त्या तुकड्याच्या दोन्ही प्रती वडिलांकडूनच आलेल्या असतात, आणि हा प्रकार नेहमी गोधडीसारखाच असतो, म्हणून रक्तात हुकतो. थोड्यांत सीडीकेएन१सी बिघडलेलं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण ते आईकडून मुलाकडं जाऊ शकतं, दर खेपेला निम्मी शक्यता. बाकी १०० पैकी ८५ घरांत मागंपुढं कुणालाच काही नसतं. ग्रहणाचा आणि विळीचा संबंध शून्य. सासूबाईंना माझं नाव सांगा.

खडीसाखर

मी पाचव्या महिन्यात आहे, आयव्हीएफ. हा धागा वाचायला नको होता बहुतेक. याचा आणि आयव्हीएफचा संबंध आहे असं कुठं तरी वाचलं होतं. खरं आहे का? कृपया सरळ सांगा.

रानवारा

सरळ सांगतो. संबंध दिसला आहे, वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत. शिक्के गर्भधारणेच्या अगदी पहिल्या दिवसांत टिकून राहावे लागतात आणि त्याच दिवसांत गर्भ प्रयोगशाळेत असतो, त्यामुळे आश्चर्यही नाही. पण मुळात आजार दहा-साडेदहा हजार जन्मांमागं एक. तो दहापट धरला तरी हजारात एक. म्हणजे ९९९ बाळांना नाही. तुमच्या सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना फक्त कल्पना द्या की आयव्हीएफ आहे. ते पोट, बेंबीची जागा, जीभ बघतातच. आणि जन्मानंतर पहिले दोन दिवस साखर बघायला सांगा. एवढं केलं की शांत झोपा.

खडीसाखर

धन्यवाद. नवऱ्याला वाचून दाखवलं. "हजारात एक" ऐकून तो घोरायला लागला, मी जागी आहे.

सुमतीआजी

नमस्कार. मी नागपूरची, नातवासाठी मोबाईल शिकली. आमचा नातू डाऊन सिंड्रोमचा, १३ वर्षांचा आहे. त्याचीही जीभ बाहेर येत होती. शेजारच्या बाई म्हणत, वेखंड उगाळून चाटवा, जीभ हलकी होते. आम्ही मधात चाटवलंही होतं बाप्पा. काही उपयोग झाला नाही. त्याचीही जीभ मोठीच असते का?

रानवारा

आजी, बहुतेक डाऊनच्या मुलांची जीभ मापाला साधारणच असते. तोंडाची जागा लहान, टाळू अरुंद, आणि स्नायू सैल, म्हणून ती बाहेर येते. खोली लहान असली की नेहमीचं कपाटही मोठं दिसतं. म्हणून त्यांना जीभ कमी करण्याचं ऑपरेशन सहसा लागत नाही. ओठ मिटण्याचे, चावण्याचे व्यायाम, टॉन्सिल-ॲडेनॉइड तपासणं यानं जास्त फरक पडतो. थायरॉइड मात्र दर वर्षी बघा, या मुलांत ते कमी होण्याचं प्रमाण जास्त.

वेखंड चाटवून जीभ लहान होत नाही. आणि वाचणाऱ्या सगळ्यांना: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटावरसुद्धा नाही. त्यातून बॉट्युलिझम होतो, म्हणजे जंतूंच्या विषानं स्नायू लुळे पडतात. ज्याला आधीच गिळायला त्रास आहे अशा बाळाला तर घशाशी काहीही चाटवत बसू नका.

सुमतीआजी

नातू आता तेराचा आहे, मध चालतो न? बोरन्हाणाचा व्हिडिओ पाहून हसून राहिला. सर्व बोरं यानेच खाल्ली होती.

मांडवी

थायरॉइडचा विषय निघाला म्हणून. गोव्यात २००८ साली सरकारी पातळीवर नवजात बाळांची तपासणी सुरू झाली होती, टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन. माझ्या बहिणीच्या बाळाचं थायरॉइड त्यातच सापडलं, जीभ सुजायच्या आधी. आज मुलगी कॉलेजात आहे. रोज सकाळी एक गोळी, बस्स. टाचेला सुई टोचताना आम्ही सगळे "कित्याक गो?" म्हणून कुरकुरत होतो.

पंचगंगा

मी कोल्हापूरकडचा. आमचं वेगळं हाय, पण जीभ हाय म्हणून लिवतो. पोरगं जन्मताना एकदम झकास होतं. दीड-दोन वर्षांनी सारखं सर्दी, सारखं कान फुटायचं, दोन्हीकडं हर्निया. दोनदा ऑपरेशन झालं, कुणी काय बोललं न्हाई. मग चेहरा जाड व्हायला लागला, जीभ जाड, बोटं आखडायला लागली, पोट पुढं. पावणे म्हणायचे आजोबावर गेलाय. चौथ्या वर्षी एका डॉक्टरनं लघवी तपासली आणि सांगितलं हंटर सिंड्रोम.

एक एन्झाइम शरीरात बनतच न्हाई, त्यामुळं साखरेच्या लांब साखळ्या तुटत न्हाईत आणि सगळीकडं साचतात. बायकोकडून आलंय, एक्स गुणसूत्रावर असतंय, म्हणून पोरांनाच होतंय बहुतेक. हे सांगितल्यावर बायको आठ दिवस जेवली न्हाई. त्यात तिची काय चूक? मी तिला सांगितलं, रंग माझा आणि जीन तुझा, पोरगं दोघांचं.

ह्या आजारावर औषध हाय. दर आठवड्याला सलाईनमधनं एन्झाइम द्यायचं, जन्मभर. वजनावर डोस. पोरगं वाढतंय तसा खर्च वाढतोय. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये आलंय, त्यात ठरलेल्या केंद्रांतनं ५० लाखांपर्यंत मदत मिळते, मुंबईत केईएम हाय त्या यादीत. ५० लाख ऐकून गावात लोकांना वाटलं आम्ही लखपती झालो. दर आठवड्याच्या औषधाचा हिशोब घालून बघा, किती दिवस पुरतंय ते. आणि औषध मेंदूपर्यंत पोचत न्हाई. लिव्हर कमी झालं, श्वास बरा झाला, चालणं सुधारलं. बाकीचं जे हाय ते हाय.

कुणाच्या पोराला सारखे कान, सारखे हर्निया आणि जाड होत जाणारी जीभ असली तर एकदा लघवीत जीएजी, म्हणजे त्याच साचणाऱ्या साखळ्या, तपासून घ्या. आमची दोन वर्षं वाया गेली.

रानवारा

पंचगंगा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या इंटर्नना वाचून दाखवणार आहे, चालेल ना? हर्नियाची दोन ऑपरेशनं झालेलं मूल सारखे कान घेऊन आलं तर थांबून विचार करायचा असतो, आणि गर्दीत तेच राहतं. भर एवढीच: हर्लर हा याचाच जवळचा आजार, तो मुलामुलींना दोघांनाही होतो, आणि त्यात मूल साधारण दोन-अडीच वर्षांच्या आत सापडलं तर मूळपेशींचं प्रत्यारोपण करता येतं. म्हणून तारखेला किंमत आहे. तिसरा पॉम्पे. त्यात बाळ ढिलं, हृदय मोठं, जीभ मोठी. त्यालाही एन्झाइम आहे, दर दोन आठवड्यांनी.

कॅनडातले डॉक्टर चार्ल्स हंटर यांनी १९१७ मध्ये दोन सख्ख्या भावांवरून हंटर हा आजार मांडला. तेव्हाही दोन मुलगेच होते.

पंचगंगा

वाचा की. फुकट हाय.

चहाबाज

पंचगंगा, माझा वरचा विनोद मागे घेतो. माणदेशी, ऑपरेशनचं लिहा ना. जीभ कापली म्हणजे नक्की काय केलं? चव राहते का?

माणदेशी

राहते. परवा मेथीच्या लाडवाचा घास ताटाखाली लपवला तिनं, आणि रव्याचे दोन मागून घेतले.

ऑपरेशन चौदाव्या महिन्यात झालं. जीभ बाहेर दिसते म्हणून केलं नाही, झोपेच्या तपासणीमुळं केलं. एक रात्र तारा लावून झोपवलं तर श्वास कितीदा तरी थांबत होता आणि ऑक्सिजन ८० च्या घरात उतरत होता. शिवाय खालचा जबडा पुढं यायला लागला होता, दात वर-खाली मिटत नव्हते.

पुढून पाचरीसारखा तुकडा काढतात आणि दोन्ही कडा शिवतात. सर्जन म्हणाले तसं ऑपरेशन अवघड नाही, भूल अवघड. इतक्या मोठ्या जिभेमागून नळी घालायची. त्यामुळं असली मुलं नेहमी सांभाळणारे भूलतज्ज्ञ असतील तिथंच जा, हे माझं सगळ्यांना सांगणं आहे. ऑपरेशननंतर जीभ आधी सुजते, आधीपेक्षा मोठी दिसते. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी आयसीयूच्या काचेतून बघितलं आणि खालीच बसले. तीन दिवस नळी ठेवली होती. मग सिरिंजनं गार पेज. दहा-बारा दिवसांत घरी. त्या रात्री घरात शांतता होती, आणि सवय नसल्यामुळं मला झोप लागली नाही.

काढलेला तुकडा तपासायला पाठवला होता. त्यात सापडलं जे रक्तात सापडलं नव्हतं: दोन्ही प्रती वडिलांकडच्या. नवरा म्हणतो, "बघ, माझ्यावरच गेलीय."

मुळाक्षर

मी वाचाउपचार करते. माणदेशी, बोलण्याचं कसं आहे? या मुलांत लोकांना वाटतं र आणि ळ अडेल. पण आधी अडतात प, ब, म. कारण ते ओठ मिटून होतात आणि ओठांच्या मधे जीभ. म्हणजे मूल पहिले शब्द म्हणतं त्या "बाबा", "मामा"लाच खोट. ही मुलं फार हुशारीनं वाट काढतात, जीभ वरच्या ओठाला टेकवून ब काढतात. कानाला जवळजवळ बरोबर लागतं, बघितलं की कळतं. मग त, द, न, ल दातांच्या बाहेर होतात आणि स चा थ होतो. मराठीत आणखी एक मेख आहे: आपल्याकडे ल आणि ळ दोन वेगळे, ळ ला जीभ वळवून मागं न्यावी लागते. इंग्रजीतले व्यायामाचे तक्ते ळ ला हातच लावत नाहीत. मी स्वतः चित्रं काढून केलेत: केळं, बाळ, फळा, मोळी. हवे असतील तर निरोप पाठवा.

आणि कृपा करून "नीट बोल" असं दर वाक्याला म्हणू नका. घरातल्या आजोबांनाही सांगा.

माणदेशी

अगदी तेच. "बाबा" ती जीभ लावूनच म्हणायची, आम्हाला वाटायचं लाडानं म्हणते. ऑपरेशननंतर महिन्याभरात ओठ मिटून म्हणाली. तक्ते पाठवा नक्की.

अंगणवाडीत पहिल्या दिवशी ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मतिमंद आहे का?" ठमीनं तोवर त्यांच्या टेबलावरचे सगळे खडू रंगाप्रमाणं लावले होते. या आजारात डोकं बहुतेक मुलांचं छान असतं. जन्मल्यावर साखर फार वेळ खाली राहिली तर मात्र मेंदूला इजा होते, म्हणून ते अकरा दिवस. त्या दवाखान्यावर माझा राग आहे, पण त्यांनी साखर सांभाळली हेही खरंय.

सीमोल्लंघन

गाठींच्या तपासणीबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. घाबरवायचं नाही, पण तोच मुख्य मुद्दा आहे ना?

माणदेशी

मुद्दाम शेवटी ठेवला होता. लिहायला घेतलं की हात जड होतो.

या मुलांना लहानपणी मूत्रपिंडाची विल्म्स नावाची गाठ किंवा यकृताची गाठ होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. म्हणून सात वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी. चार वर्षांपर्यंत एएफपीची रक्ततपासणीही होती; यकृताची गाठ असली की हे प्रथिन रक्तात वाढतं. पहिल्या वेळी एएफपीचा आकडा बघून माझा जीव गेला होता. नंतर कळलं की लहान बाळांत तो मुळातच जास्त असतो, या मुलांत आणखी जास्त, आणि तो उतरत जातोय ना एवढंच बघायचं.

तीन महिने फार लहान काळ आहे हो. रिपोर्ट आला की दोन महिने बरे जातात, तिसरा महिना लागला की आंघोळ घालताना हात आपोआप पोट चाचपतो. नातेवाईक म्हणतात, ऑपरेशन झालं ना, जीभ आत गेली ना, आता कशाला दर तीन महिन्यांनी? त्यांना जीभ दिसायची. मला आता तीच सगळ्यात कमी दिसते.

रानवारा

तीनच महिने का, तर विल्म्सची गाठ फार झपाट्यानं वाढते. वेळेत सापडली तर बरी होणाऱ्या मुलांचं प्रमाण फार चांगलं आहे, म्हणून हा खटाटोप.

धोका सगळ्यांना सारखा नसतो, म्हणून कुठला शिक्का बिघडलाय ते शोधायचं. २०१८ च्या त्या कागदात आकडे आहेत: आयजीएफ२ जवळचा, आयसी१ नावाचा शिक्का जास्त पडला असेल तर साधारण २८ टक्के, दोन्ही प्रती वडिलांकडच्या असतील तर १६, सीडीकेएन१सी बिघडलं असेल तर ७, आणि आईकडचा शिक्का पुसला जाण्याचा जो सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, त्यात तीनाच्याही खाली. युरोपातले लोक शेवटच्या गटाला नियमित सोनोग्राफी लावत नाहीत, अमेरिकेत सगळ्यांनाच करतात. मी सगळ्यांना सांगतो. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही, आणि आपल्याकडे तपासणीचा प्रकार कळेपर्यंत निम्मी मुलं चालायला लागलेली असतात. एखाद्याला हे जास्त वाटेल, वाटू दे.

ठमीचा गट दुसरा. त्यामुळे माणदेशी, नातेवाईकांचं ऐकू नका.

चहाबाज

माझ्या त्या चुलतभावाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड आहे. चपला दोन मापांच्या घेतो. कधी लक्षातच आलं नव्हतं, आम्ही चिडवायचो. आता तो ४१ वर्षांचा, काही करायचं का?

रानवारा

गाठींचं वय केव्हाच उलटलंय, वाढही आठेक वर्षांनंतर इतरांसारखी होते. काही त्रास नसेल तर काही नाही. मूलबाळ व्हायचं असेल तर एकदा जेनेटिक्सच्या डॉक्टरांशी बोलू दे. आणि चिडवलं होतं त्याबद्दल एक चहा पाज.

खडीसाखर

माणदेशी, ठमीची पुढची सोनोग्राफी कधी?

माणदेशी

मंगळवारी. सतरावी. सोनोग्राफीवाल्या काकांच्या यंत्राला ती इस्त्री म्हणते, आणि जेल लावलं की "गाल गाल" म्हणून ओरडते, म्हणजे गार गार.

माणदेशी

मंगळवार झाला. दोन्ही मूत्रपिंडं, यकृत, सगळं नीट. येताना सातारा स्टँडवर केळी घेतली. मुळाक्षर यांचा तक्ता पर्समध्येच होता, चित्र दाखवून विचारलं, हे काय? म्हणाली, "केलं." मी म्हटलं, केळं. ती म्हणाली, "मी तेच म्हणतेय, तू आधी सोलून दे."

मुळाक्षर

सोलून द्या. ळ पुढच्या महिन्यात बघू.